अर्जातलं गाव

माझ्या बाबांनी एकदा भर सभेत, हातात माईक घेऊन, स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या दारात वाघ सोडायला सांगितला होता. आणि तसा अर्ज टाईप केला मी. समास सोडून, विषय मध्यभागी घेऊन, खाली 'आपले नम्र' घालून. गावाचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहून बसले तेवढं पुरे झालं.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही वरसाव्याला राहायचो. घोडबंदर रोड सोडून डोंगराकडे वळलं की चढावर आमची चाळ. बारा खोल्या, त्यातल्या आठ रत्नागिरी-रायगडवाल्यांच्या. मागे संडासांची लाईन, त्यामागे पाण्याची टाकी, आणि टाकीच्या मागे राखीव जंगल सुरू. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही, काही नाही. बाबा गोडदेवच्या बाजूला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात होते. मी नवघरला एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात कामाला. रेशनकार्डाचे, नळाचे, नाव बदलायचे, असे लोकांचे अर्ज दिवसभर बडवायचे. त्यामुळे चाळीत कुणाला सरकारला काही सांगायचं असलं की तो आमच्याच दारात.

आधी चाळीतली कुत्री कमी झाली. सात-आठ होती, ती तीनवर आली. आम्ही म्हणालो, म्युनिसिपाल्टीची गाडी येऊन गेली असेल. मग एका पहाटे आई टमरेल घेऊन मागे गेली आणि दोन मिनिटांत परत आली. दार लावलं, कडी घातली, खाटेवर बसली. टमरेल हातातच, पाण्याने तसंच भरलेलं.

"टाकीवर बसलाय," ती म्हणाली.

"कोण?"

"तो."

आमच्या गावाकडे त्याचं नाव अंधारात घेत नाहीत. मला लगेच कळलं. आईने त्याला पाठ दाखवली नव्हती. टाकीपासून दारापर्यंत उलटी चालत आली होती, एकेक पाऊल मागे टाकत. तिच्या टाचा दगडाने सोलल्या होत्या. त्यानंतर दोन दिवस ती दुपारनंतर पाणीच प्यायली नाही, पहाटे बाहेर जावं लागू नये म्हणून. ते बघून मला भीतीपेक्षा संताप जास्त यायचा. आपल्या आईला पाणी प्यायची चोरी व्हावी, हे काय जगणं झालं!

पुढच्या आठवड्यात वरसाव्याच्या देवळासमोर सभा बसली. वनखात्याचे एक साहेब आले होते, सोबत दोन गार्ड. खाली सतरंजीवर आम्ही चाळवाले आणि समोर खुर्च्यांवर मूळचे गाववाले, ज्यांची पूर्वी इथे भातशेती नि मिठागरं होती. साहेब माणूस वाईट नव्हता. सावकाश समजावून सांगत होता. पिंजरा लावायचा, बिबट्या पकडायचा आणि नैसर्गिक अधिवासात परत सोडायचा, हे धोरण आहे, म्हणाला.

"अधिवास म्हंजे काय?" खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं. आमच्या चाळीची जागा त्याच्याच घरची. डोंगरात त्यांचा वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड होता, तिथे तो दरवर्षी नारळ ठेवायचा.

"म्हणजे त्यांचं घर, आजोबा."

"त्याचा घर तं ह्योच हाय," म्हातारा म्हणाला. "आनि त्याला न्याल तं दुसरा येल. यो वलखीचा तरी हाय."

लोक हसले. बाबा नाही हसले. आईच्या टाचा त्यांनी पाहिल्या होत्या. ते उठले आणि सरळ जाऊन माईक घेतला. बाबा आयुष्यात कधी माईकवर बोलले नव्हते, आणि ज्याने कधी माईक धरला नाही त्याच्या हातात तो द्यायचाच नसतो.

"वळखीचा असेल तर तुमच्या घरात बांधा!" बाबा म्हणाले. "साहेब, ह्याला उचला नि आमच्या गावाकडे नेऊन सोडा. आमच्या वाडीच्या वर जे रान आहे ना, तुमचं हे जंगल त्याच्या पासंगाला पुरणार नाही. आमच्याकडे वाघाचं कुणाला काय पडलेलं नाही. आमच्याकडे पोरंसुद्धा हाड् म्हणून हाकलतात वाघाला!"

मुंबईत राहणारा कोकणी माणूस गावाबद्दल काय वाट्टेल ते बोलतो. आमच्याकडचे आंबे, आमच्याकडचं पाणी, आमच्याकडचे नाग. मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण साहेबाने मान वर केली आणि विचारलं, "कुठलं गाव तुमचं?"

बाबांनी गाव सांगितलं, तालुका सांगितला, वाडीही सांगितली. साहेबाने खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. बाबा खुशीत येऊन खाली बसले. शेजारच्या यूपीवाल्याने त्यांच्या पाठीत थाप मारली, "क्या बोला चाचा!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा ठरला. मी दुकानात टाईप करायला बसले, तर बाबा खास रजा टाकून मागे येऊन उभे. मी 'बिबट्या' लिहिलं, तर म्हणाले, वाघ लिही, बिबट्या म्हटलं तर कोण येणार? मी म्हटलं, वाघ लिहिलं तर ते म्हणतील तुमच्याकडे वाघच नाही, कपाळ! शेवटी बिबट्याच राहिला. पण शेवटच्या ओळीवर ते अडून बसले. मी लिहिलं होतं, 'सदर प्राण्यास पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात यावे.' बाबा म्हणाले, नुसतं दूर काय, नीट सांग त्यांना. म्हणून मी पुढे जोडलं, 'जसे की,' आणि आमच्या गावाच्या वाडीचं नाव. खोटं कशाला बोलू, मलाही ते 'जसे की' आवडलं होतं. अर्जाला वजन आलं होतं.

पिंजरा आला. टाकीच्या मागे, आत एक बकरी बांधून ठेवलेला. तीन दिवस ती ओरडायची आणि आम्ही जेवताना एकमेकांकडे बघायचो नाही. चौथ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं.

सगळी चाळ धावली, मीही धावले. मला वाटलं होतं केवढा मोठा असेल. तो बराच रोड होता. सळ्यांवर डोकं आपटून नाक फुटलेलं, आणि डावा कान अर्धाच, जुना तुटलेला, कडा वाळलेल्या. तो माझ्याकडे बघून फिसकारला तशी मी दोन पावलं मागे सरले आणि मागच्याच्या पायावर पाय दिला. भीती वाटली आणि कीवही आली. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसाला काही सुचत नाही.

पिंजरा ट्रकवर चढवला. गाववाला म्हातारा नारळ घेऊन आला होता. त्याने हात जोडले, "जा बाबा," म्हणाला. बाबा मात्र लग्नघरातल्या माणसासारखे फिरत होते. ड्रायव्हरला विचारलं, "कुठे नेणार?"

"कोकणाकडे, घाटाखाली," ड्रायव्हर म्हणाला. "नक्की कुठे ते आम्हाला पण आयत्या वेळी सांगतात."

"ऐकलंत?" बाबांनी टाळी वाजवली. "आमच्या गावाला चाललाय! पाहुणा!"

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. "तुझे गावाला कोन हाय रं तुझा?"

"बहीण आहे," बाबा म्हणाले.

"एकलीच?"

बाबांचे टाळी वाजवलेले हात तसेच एकात एक राहिले. ट्रक वळणावरून खाली उतरला, घोडबंदर रोडला लागला, आणि बाबा त्या धुळीकडे बघत उभे.

आत्याबद्दल सांगायला हवं. बाबांची आई ते चार वर्षांचे असताना गेली. आत्या लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आली होती. तिने बाबांना वाढवलं, शाळेत घातलं, मुंबईच्या गाडीत बसवलं. ती तेव्हा साठीची. वरच्या वाडीत आमचं चार खणांचं कौलारू घर, त्यात ती आणि पाच शेळ्या. वाडीतल्या बाकी घरांना कुलपं, माणसं सगळी मुंबईला. रानाची सुरुवात तिच्या परसापासून. म्हणजे बाबांनी सभेत जे रान मिरवलं, ते तिच्या मागच्या दारातलंच होतं, आणि हाड् म्हणायला तिथे पोरं तर सोडाच, दुसरं माणूससुद्धा नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "अर्जाची झेरॉक्स काढ. वाच."

मी वाचला.

"हे 'जसे की' कुणी घातलं?"

"तुम्हीच सांगितलंत."

"मी बोललो असेन. तू लिहायचं कशाला?"

माझं डोकंच सटकलं. "तुम्ही माईकवर बोंबललात, साहेबाने डायरीत लिहून घेतलं, आणि आता माझ्या माथी मारताय?" आम्ही इतके भांडलो की शेजारची भाभी दारात येऊन उभी राहिली. शेवटी आईने मिटवलं. "आपला नळाचा अर्ज दोन वर्षं पडलाय तिथे," ती म्हणाली, "आणि ह्या अर्जावर ते लगेच वाघ घेऊन निघाले होय? गप जेवा." ते इतकं पटण्यासारखं होतं की आम्ही खरंच जेवलो.

गावात फोन एकच, खालच्या वाडीतल्या दुकानात. महिन्यातून एका रविवारी आत्या तिथे येऊन बसायची, आणि आम्ही नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन लावायचो. ट्रक गेल्यानंतरचा पहिला फोन लागला तो महिन्याने. बाबांनी रिसीव्हर कानाला लावला, मी रिसीव्हरला बाहेरून कान लावला.

"वाघ आलाय वाडीत," आत्या म्हणाली. कशी आहेस, जेवलीस का, काही विचारायच्या आधीच. "कुत्रा नेलान माजा, वट्यावरनं. मी आत तांदूळ निवडत होते."

बाबांचा चेहरा उतरला. "कधीपासून?"

"झाला की म्हैना."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मनातल्या मनात तोच हिशोब करत होते.

"ताय," ते म्हणाले, "त्याचा डावा कान कसा आहे?"

"काय?"

"कान! डावा! तुटका आहे का? बघितलास का तू?"

"अरे मेल्या, मी त्याचा कान बघू का माजा जीव बघू?"

"तू इकडे ये. उद्याच्या एसटीने ये."

"नि शेळ्या? त्यांची पन तिकिटं काढू?" ती म्हणाली आणि हसली, पण नेहमीसारखी हसली नाही. हसता हसता तिचा आवाज मधेच तुटला. दुकानदाराला फोन हवा होता, तो ठेवला गेला.

बूथमधून बाहेर आल्यावर बाबा नाल्याच्या कठड्यावर बसले. मला म्हणाले, "तिला काही झालं तर मी तोंड कुणाला दाखवू?" बाबांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. रडले नाहीत, पण डोळे भरले होते, आणि माझेही भरले. कारण टाईप तर मीच केलं होतं.

सोमवारी दोघंही कामावर दांडी मारून वनखात्याच्या कचेरीत गेलो. क्लार्कने फाईल काढली. "अर्ज निकाली निघालाय."

"मागे घ्यायचाय," बाबा म्हणाले.

"जनावर गेलं की हो! आता काय मागे घेणार?"

"मग कुठे सोडलं तेवढं सांगा."

"ते सांगता येत नाही. कळलं तर तिकडचे लोक गोंधळ घालतात."

"तिकडचे लोक म्हणजे माझी आत्या!" मी टेबलावर हात आपटला. "एकटी राहते ती! तिच्या ओट्यावरून कुत्रा नेलाय!"

"मॅडम, आवाज खाली."

आवाज खाली गेला नाही, म्हणून आतून साहेब बाहेर आला. सभेतला तोच. बाबांना त्याने लगेच ओळखलं. "तुम्हीच ना ते, गाव सांगणारे?" मग आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. "अहो, तुम्ही पत्ता दिलात नि आम्ही तिथे नेऊन टाकला, असं कुरिअर आहे का हे?" तो म्हणाला. मला जरा धीर आला.

"म्हणजे तिथे नाही सोडला?" बाबांनी विचारलं.

साहेबाने फाईल उघडली, बघितली, मिटली. "त्या पट्ट्यात जंगल मोठं आहे. आणि बिबट्या चालतो हो. सोडला तिथेच थांबेल असं थोडंच आहे? इकडून तिकडे जातात, तसे तिकडून इकडेही येतात. पकडा आणि सोडा, एवढंच आमच्या हातात. मला विचाराल तर..." आणि तो मधेच थांबला. घंटी वाजवून त्याने शिपायाला चहा सांगितला. त्याने हो म्हटलं असतं तरी परवडलं असतं. आम्ही चहा न घेता उठलो.

बाबांनी रजा टाकली, मालकाशी भांडून. मीही निघाले. एकटे गेले असते तर त्यांनी वाटेत काय केलं असतं, काही सांगता येत नव्हतं. शेवटची एसटी बदलून खालच्या वाडीत उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. दुकानदार म्हणाला, "वर चाललाव? मग बिगीबिगी जावा. आनि मोठ्यानं बोलत जावा."

चढ अर्ध्या तासाचा. दोन्ही बाजूंना कुलूपबंद घरं, अंगणात पाचोळा साचलेला. बाबा मोठमोठ्याने बोलायचा प्रयत्न करत होते, पण त्यांना सुचत काही नव्हतं. "आपल्या कारखान्यात..." म्हणायचे आणि थांबायचे. मग मीच पाढे म्हणायला लागले. सोळाचा, सतराचा, अठराचा. पाचोळ्यात जरा कुठे वाजलं की आकडा चुकायचा.

घर दिसलं. ओट्यावर दिवा नाही. शेळ्यांच्या गोठ्याचं दार सताड उघडं, आत एकही शेळी नाही. बाहेर आत्याची एक चप्पल पडलेली, एकच.

"ताय!" बाबांनी हाक मारली. मग पळतच सुटले. "ताय! ए ताय!"

मी त्या चपलेपाशी उभी राहिले होते. मनात एकच होतं, मी केलं हे, मी केलं हे.

"कोन हाय?" आतून आवाज आला. "बोलत ऱ्हावा, तवाच उघडीन."

बाबा नुसते दारावर थापा मारत होते. मीच ओरडले, "आत्या, आम्ही! मुंबईवरून आलोय!"

अडसर सरकला, दार फटीएवढं उघडलं. आत्याने बाबांचा शर्ट धरून त्यांना आत ओढलं, मग मला, आणि अडसर परत लावला. आत धुराचा नि शेळ्यांचा वास. पाचही शेळ्या चुलीजवळ बसलेल्या, एक तर तिच्या अंथरुणावर. "कडूस पडायच्या आधी आत घेते त्यांना," आत्या म्हणाली. "आज ही बया हट्टाला पेटली, वडता वडता चप्पल ऱ्हायली बाहेर." मग बाबांकडे बघून म्हणाली, "असा काय बघतोस? भूत बघितल्यासारका?"

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. ती बारीक झाली होती. हाताला खरचटलेलं होतं. महिनाभर ती ह्या एका खोलीत पाच शेळ्यांबरोबर, अंधार पडायच्या आत दार लावून राहत होती.

"पिंजरा का नाही लावत इथे?" मी विचारलं.

"गार्ड आलावता की," ती म्हणाली. फळीवरून तिने एक घडी घातलेला कागद काढला. "खालच्या वाडीनं सगल्यांनी सह्या केल्या. पिंजरा माज्या गोठ्यापाशी लागनार, म्हनून माजा अंगठा पायजे. तू वाच गो, तू अर्ज लिवतेस ना. काय हाय त्यात ते मला नीट सांग."

मी चुलीच्या उजेडात वाचलं. 'सदर प्राण्यास पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात यावे.' माझीच ओळ. कचेऱ्यांची भाषा एकच असते, मला माहीत आहे, रोज तीच टाईप करते. तरी ती ओळ मी दोनदा वाचली. खाली सह्या होत्या, आणि एक चौकोन कोरा.

"अंगठा का नाही दिलास मग?" बाबा म्हणाले.

"मी त्याला इचारलं, दूर म्हंजे कुटं? तर तो म्हनाला, मुंबयच्या बाजूला मोटं राखीव जंगल हाय, तिकडं पन नेतात." आत्या शेळीच्या कानामागे खाजवत होती. "मी म्हटलं, त्या जंगलाला लागून माजा भाव ऱ्हातो. त्याची बायको पहाटेची टमरेल घेऊन भायेर जाते. अंगठा नाय मिलायचा."

शेळ्या रवंथ करत होत्या.

बाबांनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "ताय, तो मी धाडलाय." सभा, माईक, डायरी, अर्ज, ट्रक, तुटका कान, सगळं सांगितलं. 'जसे की' सुद्धा सांगितलं, पण ते स्वतःवर घेतलं. मी मधे बोलायला गेले तर हाताने मला गप्प केलं. मग खाली वाकून आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडले. तेव्हा मीही रडले.

आत्याने बाबांच्या टाळूवर टपली मारली.

"बारा वर्सं झाली, तुजी भाऊबीज नाय आली," ती म्हणाली. "आली ती एकदम चार पायांची!"

आणि ती हसली. ह्या वेळी नेहमीसारखी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

खरं होतं ते. दिवाळीत कारखान्यात भांड्यांचं काम उरावर असायचं, आणि सुटी मिळाली की बाबा झोपायचे. गणपतीला कधी आलोच तर चुलत्यांकडे खालच्या वाडीत, वर आत्याकडे उभ्या उभ्या चक्कर. बारा वर्षं तिने मोजली होती आणि आम्हाला कधी बोलून दाखवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "दे अंगठा. माझं नाव सांग, म्हणावं भावाने सांगितलं."

"नि तिकडं?" आत्याने विचारलं. सभेत माईकवर बोललेला माणूस तिथे बोटं मोडत बसला. अंगठा दिला गेला नाही. उरलेले चार दिवस बाबांनी दगड वाहून गोठ्याच्या भिंती उंच केल्या, जाड फळ्यांचं दार केलं, लोखंडी कडी बसवली.

आम्ही परत आलो. पावसाळा संपायच्या आत आमच्या टाकीवर दुसरा आला, म्हाताऱ्याने सांगितलं होतं तसाच. ह्या वेळी चाळीत अर्जाची भाषा निघाली तेव्हा बाबा उठून घरात गेले. आम्ही संडासापाशी मोठा दिवा लावून घेतला, कचरा टाकीपासून लांब टाकायला लागलो, आणि बायका पहाटे चौघी-चौघी मिळून जायला लागल्या. आईने पुन्हा पोटभर पाणी प्यायला सुरुवात केली.

त्या वर्षापासून बाबांनी भाऊबीज चुकवली नाही. मालकाने कितीही आरडाओरडा केला तरी पाडव्याच्या गाडीत बसायचे. आत्या ओवाळायची आणि ताटावरून विचारायची, "या खेपेला काय धाडलायस?" बाबा मान खाली घालायचे. दर वर्षी हेच. मला त्यांची दया यायची. गावाच्या बढाया त्यांनी सोडूनच दिल्या. कारखान्यात कुणी आंब्यांचा विषय काढला तरी गप्प बसायचे म्हणे.

चार-पाच वर्षांनी असाच भाऊबीजेचा दिवस होता. मी आणि आत्या परसात ताटं घासत होतो.

"तुला एक सांगू का गो?" आत्या म्हणाली. "तुमी तवा गेलाव ना, त्याच्या दुसऱ्याच हप्त्याला दिसला तो मला. भर दुपारचा, त्या गडग्यावर बसलावता." तिने समोरच्या दगडी बांधाकडे बोट केलं. "मी दाराआडनं बघितला, नीट. तुज्या बापानं सांगितलंवतं म्हनून कान बघितलं."

माझा हात थांबला. "मग?"

"दोनी कान धड व्हते."

"आत्या! मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? ते जिवाला किती लावून घेतात!"

"हळू बोल," आत्या म्हणाली आणि राखेचा हात माझ्या मनगटावर ठेवला. "तू पन सांगू नको. सांगितलंस तर फुडच्या भाऊबीजेला यायचा नाय मेला."

गोठ्यापाशी बाबा नवी कडी ठोकत होते. दर वर्षी ते मुंबईवरून एक नवी कडी आणायचे. मला हाक मारली, "जरा फळी धर गं." मी हात धुतले आणि जाऊन फळी धरली.